पर्जन्यवृक्षाचा वैरी

आपल्या साखऱ्यांत जास्वंदीच्या कोंवळ्या शेंड्यावर पांढरें पीठ सांडल्यासारखें दिसलें, तर त्यास हात लावण्यापूर्वीं तें नीट निरखून पाहा. तें पीठ नव्हे. ते पिठ्या ढेकूण नांवाचे सजीव कीटक आहेत. ह्याच कुळांतील कीटक मुंबईसारख्या महानगरांतील प्रचंड वृक्षांसही ग्रासतात.

मध्य व दक्षिण अमेरिकेंतून आलेला विलायती शिरीष, म्हणजेच पर्जन्यवृक्ष, मुंबईंत रस्त्यांच्या कडेस सावलीकरितां लाविलेला आहे. २०१० नंतरच्या दशकांत ह्यांपैकीं पुष्कळ वृक्ष पर्णहीन होऊन वाळले, व त्यांवर पिठ्या ढेकणांचे थर आढळले.

ह्या कीटकाची मादी अवघी तीन मिलिमीटर लांबीची व पंखहीन असते. ती आपली सोंड झाडांत खुपसून रस शोषिते. अंगावरील मेणकट आवरणामुळें औषध तिजपर्यंत सहज पोहोंचत नाहीं. रसांतील अधिक झालेली साखर ती चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकिते. त्या थेंबांच्या लोभानें मुंग्या तिचें रक्षण करितात; आणि पानांवर सांडलेल्या थेंबांवर काळी बुरशी वाढून पानांस सूर्यप्रकाश मिळेनासा होतो.

परंतु सर्व दोष किडीचाच काय? बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलें म्हणजे मुळांस हवा व पाणी पुरेसें मिळत नाहीं, आणि अशक्त वृक्ष किडीस लवकर बळी पडतो. दिल्लींत २०१३ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें झाडांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो झाडांच्या मुळांस श्वास घेतां यावा म्हणूनच.

सृष्टींत ह्या किडीसही शत्रु आहेत. क्रिप्टोलेमस नांवाचा ऑस्ट्रेलियांतील ढालकिडा १८९८ सालीं भारतांत आणिला गेला. तो व त्याची अळी पिठ्या ढेकणांवर उपजीविका करितात. मौज अशी कीं, ही अळीही पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनीं झांकलेली असून ढेकणासारखीच दिसते. मात्र ती आकारानें मोठी व चालण्यांत चपळ असते. अजाण मनुष्य तिलाच चिरडतो, किंवा विषारी औषध फवारून तिचा नाश करितो. आणि मेणाआड वांचलेले ढेकूण निर्धास्तपणें वाढतात.

म्हणून आधीं ओळख, मग उपाय. किडलेला शेंडा छाटून जाळावा, मुंग्यांची वाट अडवावी, आणि बुंध्याभोंवतीं माती मोकळी ठेवावी. जास्वंदीवरील एखादा मोठा पांढरा ठिपका झपझप चालूं लागला, तर मात्र त्यास जगूं द्यावें.