तीन पायांचा ट्रॅक्टर

डिंभे धरणाच्या खाली, घोडेगाव-मंचरकडे, जमीन बरीच सपाट आहे. तिथे मोठा ट्रॅक्टर खुशाल फिरतो. वर आहुप्याच्या वाटेला लागलो की गोष्ट वेगळी. तिथे उतारावर एकाखाली एक भातखाचरं. बांध अरुंद, वाटा वाकड्या. अशा जागी छोटा ट्रॅक्टर सोयीचा पडतो. त्याची ताकद साधारण १५ ते ३० एचपी असते.

काही छोट्या ट्रॅक्टरांना पुढे लोडर बसवता येतो. लोडर म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट. तेलाच्या दाबाने हात वर-खाली होतात. उकिरड्यातले खत भरा, माती ओढा, दगड उचला. चार गड्यांचे काम एकटा माणूस करतो. मग कुणालाही वाटते, आपल्या दारी असा ट्रॅक्टर हवा.

घ्या, पण आधी त्याचा तोल समजून घ्या.

ट्रॅक्टरला चाके चार असतात. तरी तो तीन पायांवर उभा असतो. नवल वाटले ना? खाली वाकून पुढचा आस बघा. बहुतेक ट्रॅक्टरांत तो मधोमध एका पिनेवर बसवलेला असतो. खड्डा आला की आस कलतो. म्हणून पुढची दोन चाके मिळून एकच पाय झाला. मागची दोन चाके हे दोन पाय. झाली की नाही तिवई? आता तिवईच्या पुढच्या टोकावर जड ओझे उंच धरा. जरा उतार लागला की ती आडवी होते. ट्रॅक्टरही तसाच पालथा होतो, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. बैलगाडीत माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते, मागे जास्त झाला की उलाळ होते. हे तुम्हाला सांगायला नको. बकेट भरली की ट्रॅक्टर धुरजड होतो. पुढची चाके दबतात, मागची हलकी होतात. आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना! हलके चाक जमीन धरत नाही. तुम्ही ब्रेक दाबता, चाक थांबते, पण ट्रॅक्टर घसरतच जातो.

यावर उपाय आहे. लोडर चालवताना मागे वजन लावा. किती लावायचे ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. ते पान दुकानदाराला विचारू नका, स्वतः वाचा. लोडरही त्याच मॉडेलला चालणारा घ्या. गावात वेल्डिंग करून जोडलेला नको.

भरलेली बकेट जमिनीपासून वीत-दीड वीत उंच ठेवून चाला. उतारावर भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला ठेवा. म्हणजे चढताना पुढे तोंड करून चढा आणि उतरताना मागे मागे उतरा. लहान गिअर टाका. उतारावर आडवे जाऊ नका. दोन्ही ब्रेकची पेडले खिट्टीने जोडून ठेवा. एकच दाबले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शहाणे गावोगाव आहेत. त्यांचा नाद नको. डोक्यामागे लोखंडी कमान असेल तर पट्टा बांधा.

बकेट माणसांसाठी नाही. हिरडा तोडायला कुणी त्यात उभे राहील, पोरे बसायला मागतील. बसवू नका. खाली उतरण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा. तेलाची नळी गळते का, हे हाताने चाचपू नका. बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरून बघा. मागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पदर किंवा धोतराचा सोगा गेला की सोडवायला वेळ नाही. त्यावरचे झाकण काढू नका.

बकेट हातात आली की माणसाला डोंगर खोदावासा वाटतो. जपून. पडकईत आपली माणसे उन्हाळ्यात हाताने खाचरे काढत. ते काम हळू होई. यंत्र दिवसात डोंगराचा पाया कापते. ३० जुलै २०१४ ला जवळच्या माळीण गावावर दरड आली आणि दीडशेवर माणसे गेली. पाऊस मुसळधार होता. उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीबद्दलही तेव्हा पुष्कळ बोलले गेले. घराच्या वरचा किंवा खालचा उतार बकेटने कापू नका.

आता पैशाचे गणित. पाटी घ्या. समजा वर्षाचा हप्ता ९०,००० रुपये आणि काम १५० तास. ९०,००० भागिले १५०, म्हणजे तासाला ६०० रुपये. डिझेल, तेल, विमा, टायर वेगळे. गावात ट्रॅक्टर तासाने कितीला मिळतो? तो आकडा शेजारी लिहा. दोन एकराच्या धन्याला भाड्याचाच ट्रॅक्टर परवडेल, असे मला वाटते. चौघांनी मिळून घेतला तर तास वाढतात. पण चालवणारा कोण, हे आधीच कागदावर लिहा. त्याच्याकडे परवाना हवा. ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमाही हवा. मुलाच्या हाती चावी देऊ नका.