शेजाऱ्याची कळशी

दानधर्म म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देणगीची पावती, अन्नदानाची पंगत किंवा गरजू विद्यार्थ्याला दिलेली पुस्तके येतात. अशा कार्याचाच हा महोत्सव असल्याने त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु दया ही सणासुदीपुरती ठेवण्याची वस्तू नव्हे. ती चुलीपाशी, विहिरीपाशी आणि उंबरठ्यावर रोज पाळावी लागते. काटकसर ही तिचीच सख्खी बहीण होय, हे एका साध्या प्रसंगाने आम्हांस शिकविले.

एका वैशाखात परसातील विहिरीचे पाणी तळाला गेले होते. उरलेले पाणी पंपाने टाकीत चढवून आम्ही वापरीत होतो. शेजारच्या वयस्क बाई कळशी घेऊन आल्या, तेव्हा आम्ही नळ पूर्ण सोडून वजू करीत होतो. त्या काही वेळ उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "मास्तर, माझी कळशी गटारातून गेली हो!"

बोलणे थट्टेचे होते, पण ते मनाला लागले. वाहत्या नदीच्या काठी असलात तरी वजूसाठी पाणी उधळू नका, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आम्ही मुलांना कित्येकदा सांगितली होती. ते स्वतः एका मुद्दभर पाण्यात वजू करीत, हेही सांगितले होते. सांगितले मात्र, केले नव्हते! दुसऱ्या दिवशी नळाखाली बादली ठेवून पाहिले, तो एका वजूला सहा लिटर पाणी गेले. तांब्या घेतला, तेव्हा दीड लिटरात काम झाले. पाच वेळांचे मिळून एका माणसामागे रोज साडेबावीस लिटर पाणी वाचते. म्हणजे शेजाऱ्याच्या जवळजवळ दोन कळशा.

आपल्या मये गावाला डोंगरांनी वेढलेले सुंदर तळे आहे. म्हणून पाण्याची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण डोंगरावरची झाडे पावसाचे पाणी अडवितात आणि जमिनीत मुरवितात, तेव्हा कोठे विहिरींना उन्हाळ्यात पाझर राहतो. झाडे तुटली, किंवा खाणीचा खड्डा खोल जाऊन त्यातील पाण्याचा उपसा होऊ लागला, की भोवतालच्या विहिरी आटतात. डिचोली तालुक्याने हे अनुभवले आहे. आपल्या विहिरीचे पाणी आपल्या एकट्याचे नसते. जमिनीखाली कुंपणे नसतात.

हाच धडा मांडवीकाठची खाजन शेती देते. नारव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जाणाऱ्याने ती अवश्य पाहावी. नदीचे खारे पाणी बांध घालून अडविलेले असते. बांधातील मानशीची दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातील जादा पाणी बाहेर सोडतात. एका ठिकाणी बांध फुटला तर खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते आणि जमीन पुढे काही हंगाम वाया जाते. म्हणून बांधाची निगा पूर्वीपासून गावकीने राखली. आपल्या शेतापुरते पाहणाऱ्याचे शेतही तेथे टिकत नाही.

माणसामाणसांतील बांधही असाच जपावा लागतो. आपल्या भागातील सात बहिणींची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ही भावंडे मयेत आली. विस्तव आणावयास पाठविलेला भाऊ खेतोबा खेळात रमला आणि लईराईने रागाच्या भरात त्याला लाथ मारली. त्या पश्चात्तापाने ती निखाऱ्यांतून चालली, असे सांगतात. मयेची महामाया, मुळगावची केळबाई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण याच भावंडांपैकी होत. धर्म निराळे झाले, तरी बहिणींचे नाते लोकांनी तोडले नाही. राग येणे मानवी आहे. त्याचे प्रायश्चित्त घेणे आणि नाते राखणे, हे खरे मोठेपण.

आता हे घरी कसे आचरावे? वजू असो वा स्नान, पाणी तांब्याने घ्यावे. भांडी विसळलेले पाणी माडाला किंवा केळीला घालावे. अन्न ताटात मागून घ्यावे, टाकू नये. ओला कचरा परसातील खड्ड्यात कुजवावा. त्याचे खत होते. पाखरांसाठी सावलीत पाण्याचे भांडे ठेवावे. एकदाच वापरून टाकण्याच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तरी पंगतीला केळीचे पान वा पत्रावळ घ्यावी, ती कायद्याच्या भीतीने नव्हे, तर उष्ट्यासह प्लास्टिक खाऊन गुरे मरतात म्हणून.

यांतील एकही गोष्ट खर्चाची नाही, आणि एकीचीही पावती मिळणार नाही. आमच्या घरी वजूचा तांब्या आता नळाशेजारीच असतो. उन्हाळ्यात शेजारच्या बाई येतात, आधी तांब्याकडे पाहतात आणि मग कळशी भरतात. त्यांच्या त्या पाहण्यानेच आमची रोजची परीक्षा होते.