सगळं आठवलंच पाहिजे असं नाही

अगं, तुझा पहाटेचा मेसेज सगळा वाचला. शेवटी विचारलंयस, 'ताई, मला वेड तर नाही ना लागत?' नाही गं. अजिबात नाही.

लेक सात वर्षांची झाली, तिची वेणी घालताना तुझे हात थरथरायला लागले. डांबरगोळ्यांचा वास आला की घसा आवळतो. तुला वाटतंय हे अचानक उपटलं. पण आपलं मूल आपल्या 'त्या' वयाला आलं की अनेक बायकांचं असं होतं. आणि वासाचं म्हणशील, तर मेंदूत वासाची वाट भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते. म्हणून चित्र दिसायच्या आधीच अंग आक्रसतं. तुला साल आठवत नाही, खोलीत कोण कोण होतं ते आठवत नाही, पण माळ्याचा लाकडी जिना आणि आतून कडी सरकल्याचा आवाज लख्ख आठवतो. अशा आठवणी तुकड्यातुकड्यांनीच येतात. गोष्टीसारख्या सलग आल्या नाहीत म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत.

आता मुद्द्याचं. उरलेलं शोधायच्या मागे लागू नकोस.

जुने अल्बम काढून बसलीस, मामेबहिणीला आडून आडून विचारलंस, आणि आता कुणीतरी 'रिग्रेशन'चं पॅकेज गळ्यात मारू पाहतंय. संमोहनात नेऊन सगळं बाहेर काढतो म्हणे! तिथे पाऊलही टाकू नकोस. अमेरिकेत १९९०च्या दशकात यावरून घरंच्या घरं फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या. लिंडा मेयर विल्यम्स या संशोधिकेने १९९४ साली १२९ बायकांचा अभ्यास मांडला. लहानपणी त्यांच्यावर झालेल्या अत्याचाराची तेव्हाच नोंद झालेली होती, तरी सुमारे सतरा वर्षांनी विचारल्यावर ३८ टक्के बायकांनी त्या प्रसंगाचा उल्लेखच केला नाही. म्हणजे विसर पडू शकतो. पण पुढच्याच वर्षी एलिझाबेथ लॉफ्टस यांचा प्रयोग आला. 'लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास' अशी रचलेली हकिकत २४ जणांना घरच्यांच्या नावाने सांगितली, तर त्यातल्या सहा जणांना ती थोडीफार किंवा पूर्ण 'आठवली'. म्हणजे नसलेली आठवण रुजवताही येते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक अर्धंच सांगतात याचा मला राग येतो.

तुझ्यापुरता अर्थ एवढाच, की आपणहून आलंय ते वहीत लिहून ठेव. तारीख घाल. गाळलेल्या जागा भरू नकोस. उद्या घरातले शंका घेणारच आहेत, तेव्हा ती आठवण निदान कुणी ढवळलेली नसावी. आणि काही तुकडे कधीच आले नाहीत तर? तरीही बरं होता येतं. आज झोप लागत नाही, नवऱ्याने मागून हात लावला की दचकतेस, यावर काम करायला पूर्ण हकिकत लागत नाही.

ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२च्या पुस्तकात बरं होण्याचे टप्पे सांगितलेत. त्यात पहिला टप्पा सुरक्षिततेचा. आठवण आणि शोक त्यानंतर, आणि मग पुन्हा माणसांत मिसळणं. आपण उलटं करायला जातो, आधी खपली काढतो. तू सध्या पहिल्यावरच थांब. वेळेवर जेव. रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत. आणि ती लाट आली की अनवाणी पायांनी थंड फरशीवर उभी राहा, ओट्यावरच्या वस्तूंची मोठ्याने नावं घे: तवा, उलथनं, मिसळणाचा डबा. मग आजची तारीख आणि स्वतःचा आत्ताचा पत्ता म्हण. लेक हसली तर हसू दे. अंगाला कळायला हवं, की हे ते घर नाही आणि तू सात वर्षांची नाहीस.

मदतीसाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोध. पहिल्याच भेटीत सरळ विचार, 'ट्रॉमावर काम करता का, कसं करता?' चांगली बाई पहिल्या दिवशी सगळं ओकायला लावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली यासाठी सीबीटी आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस केली आहे, तेवढी नावं लक्षात ठेव. फी परवडेना तर सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. आणि रात्री फारच वाईट वाटलं, जीव नकोसा झाला, तर १४४१६ लाव. टेलिमानस, फुकट आहे, मराठीतही बोलतात. मला फोन केलास तरी चालेल, पण मी झोपलेली असले तर ते जागे असतात.

राहता राहिले गणपती. काका येणार, आणि आई म्हणणार, 'नमस्कार कर गं त्यांना.' यंदा जाऊ नकोस. कणकण आहे म्हण, ऑडिट आहे म्हण. तब्येत सांभाळण्यासाठी मारलेली थाप गणपतीला चालते, माझी खात्री आहे. जायचंच ठरलं तर मुक्काम माझ्याकडे, आणि त्यांच्या पाया पडायचं नाही. कुणी भुवया उंचावल्या तर त्यांना मी बघते.

एक गोष्ट मात्र ढकलता येणार नाही. त्या घरात आजही पोरं आहेत. तुझी लेक किंवा दुसरं कुणाचंही मूल काकांसोबत एकटं राहणार नाही, हे बघायला काहीही सिद्ध करावं लागत नाही. धाकट्या वहिनीशी मी बोलते. 'आपल्या घरात असलं होत नाही' असं ती म्हणाली तर सांगेन, की केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं होतं, आणि असं करणाऱ्यांत ओळखीचीच माणसं खूप होती. आज एखाद्या मुलासोबत काही घडतंय असं कळलं, तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. तुझ्या स्वतःच्या तक्रारीचं म्हणशील, तर गंभीर गुन्ह्यांना मुदत आडवी येत नाही. करायची की नाही ते तू ठरव, वकिलाशी बोलून, सावकाश.

आईला एवढ्यात सांगू नकोस. ती 'आता कशाला उकरतेस' म्हणेल, आणि ते वाक्य पेलण्याएवढी तू आत्ता सावरलेली नाहीस. नवऱ्याला मात्र सांग. तपशील नको, फक्त 'लहानपणी माझ्यासोबत वाईट झालंय, मागून हात लावू नकोस' एवढंच. रविवारी मी येतेच आहे. लेकीला बागेत नेते, तेवढ्यात तू अपॉइंटमेंटचा फोन करून टाक.