अर्थसंकल्पात आलेला रस्ता गावात कधी येणार?

प्रश्न : मार्चच्या राज्य अर्थसंकल्पात आमच्या गावचा रस्ता आला. जून उजाडला, तरी खडीचा एक ढीग पडलेला नाही. असं का?

उत्तर : अर्थसंकल्पात नाव आलं म्हणजे पैसा आला असं नव्हे. आधी विधानसभा विभागांच्या मागण्या मंजूर करते, मग विनियोजन विधेयक संमत होतं (राज्यघटनेचे कलम २०३ व २०४). राज्यपालांच्या संमतीनंतरच तिजोरी उघडते. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. शिवाय पहिल्या वर्षाची तरतूद अनेकदा नाममात्रच असते. म्हणून सार्वजनिक बांधकाम उपविभागात दोनच गोष्टी विचारा : यंदाची तरतूद किती आणि प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक काय? टोलवाटोलवी झाली, तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा.