मोकाट कोंबडा आणि मानमोडीचा धोका

थंडी ओसरून उन्हं चढू लागली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. शेजारचा कोंबडा आमच्या कोंबड्यांत घुसतो, त्यांना पळवून पळवून बेजार करतो, काय करू? कुणाला तलंगांच्या पाठीवरची पिसं गेल्याचं दुःख, कुणाला अंडी खावीत की नाही याची शंका. फलित अंडं खुशाल खा. रोजच्या रोज गोळा केलं तर त्यात पिल्लू धरत नाही. पाठ सोलवटलेली कोंबडी बरी होईपर्यंत वेगळी डालावी, नाहीतर बाकीच्या तिला टोचून काढतात.

या दिवसांत खरा धोका मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा आहे. मोकाट कोंबडा चार घरांचे उकिरडे उकरून तुमच्या दाण्या-पाण्यावर येतो. रोग त्याच्या अंगावर दिसण्याआधीच विष्ठेतून आणि नाकातोंडाच्या स्रावातून विषाणू पसरू लागतो. मग हिरवट हगवण, धाप, लुळे पाय, वळलेली मान. यावर औषध नाही. लसूण, हळद, दारूचे थेंब पाजत बसणाऱ्यांना मी दरवर्षी सांगतो, तरी लोक आधी ते करतात आणि खुराडं रिकामं झाल्यावर दवाखान्यात येतात.

एका वस्तीवर सख्ख्या भावांच्या दोन घरांत कोंबड्यावरून बोलणं बंद झालं होतं. एकाने दगड मारून कोंबड्याचा पाय मोडला, दुसऱ्याने राग म्हणून लसीकरणाला नकार दिला. उन्हाळ्याच्या तोंडाला मर लागली. दुसऱ्याने उरलेल्या आजारी कोंबड्या आठवडे बाजारात विकल्या आणि रोग पुढच्या गावांत गेला. असं विकणं म्हणजे दुसऱ्याचं घर बुडवणं आहे. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. आणि शेजारच्या जनावराला दगड मारणं, विष घालणं हा गुन्हा आहे, उपाय नव्हे.

लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि पाण्यात मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही, म्हणून लोक टाळतात. सगळ्या वस्तीने एकच दिवस ठरवा, शेजाऱ्याचा तो कोंबडाही धरून आणा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, आठ आठवड्यांनी आर-टू-बी पंखाखाली टोचून. बाटली बर्फातच न्या. आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

कोंबडा येतो तो दाण्यासाठी आणि माद्यांसाठी. उघड्यावर दाणे फेकणं बंद करा, दाणा-पाणी खुराड्यात ठेवा. सहा फुटी जाळी लावा, वरूनही झाका. शेजाऱ्याला एका पंखाची लांब पिसं कातरायला सांगा, म्हणजे उडी घेता येत नाही.

जात राखून अंडी उबवायची असतील तर मात्र जपा. परका कोंबडा एकदा लागला की त्याचं बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. तेवढे दिवस कोंबड्या बंदिस्त ठेवून मगच खुडूक कोंबडीखाली अंडी मांडा.

मान वळलेला पक्षी दिसला तर त्याच दिवशी १९६२ वर फोन करा आणि शेजाऱ्यालाही लगेच सांगा, बोलणं बंद असलं तरी.