'ऑन द बॅक बर्नर' : अर्थ आणि वापर



इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेतला की मुलं गोंधळतात. आज असाच एक वाक्प्रचार पाहू : 'टू पुट समथिंग ऑन द बॅक बर्नर'.

अर्थ : एखादं काम आत्ता तितकं निकडीचं नाही म्हणून काही काळ मागे ठेवणं.

कुठून आला? हा वाक्प्रचार अमेरिकन इंग्रजीतला, 20व्या शतकात रूढ झालेला. तिकडच्या शेगडीला बहुधा चार बर्नर असतात, दोन पुढे आणि दोन मागे. सतत ढवळावं लागतं ते भांडं पुढे. मंद आचेवर आपलं आपलं शिजत राहील ते मागे. आपल्या चुलीचा वैल आठवतोय ना? चुलीवर भाकरी आणि वैलावर आमटी. मुलांना हे उदाहरण द्या, अर्थ पटकन कळतो.

वापर :
1. वी हॅव पुट द ट्रिप ऑन द बॅक बर्नर. (सहलीचा बेत आम्ही तूर्त मागे ठेवलाय.)
2. हर म्युझिक इज ऑन द बॅक बर्नर. (तिचं गाणं सध्या मागे पडलंय.)

यातले 'ऑन' आणि 'द' गाळायचे नाहीत. उलट अर्थासाठी 'ऑन द फ्रंट बर्नर' म्हणतात.

लक्षात ठेवा : 'बासनात गुंडाळणं' हा याचा नेमका अर्थ नाही. मागच्या बर्नरवरचं भांडं खाली उतरवलेलं नसतं, त्याखाली आच असते. मात्र मागे ठेवलेलं काम पुष्कळदा विसरलंही जातं, म्हणून हा वाक्प्रचार कधी कधी तक्रारीच्या सुरातही येतो.

पालकांनो, इथे आपल्यालाही शिकण्यासारखं आहे. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की चित्रकला, खेळ, गोष्टीची पुस्तकं मागे जातात. जाऊ द्या, पण गॅस बंद करू नका. रोज पंधरा मिनिटं रंगपेटी उघडली तरी आच टिकते. नाहीतर परीक्षा संपते आणि मूल म्हणतं, "आता नको, मला येत नाही."

उपक्रम : मुलांना वहीत चार बर्नरची शेगडी काढायला सांगा. पुढे या आठवड्यातली दोन कामं, मागे नंतरची दोन. मागच्या प्रत्येक कामाशेजारी ते पुढे कधी आणणार, ती तारीख लिहायलाच हवी. एक शेगडी आपणही काढून पाहा!