कुत्रं धुतलंस, भिंत राहिली

अगं, त्या कुत्र्याला परत आंघोळ घालू नकोस, बिचारं कंटाळलं असेल. औषध लावून आठवडा झाला नाही तोवर गोचिड्या परत दिसल्या म्हणून तू दुकानदारावर चिडलीस. पण औषध बहुतेक बरोबरच असणार. तू कुत्र्याचं सगळं केलंस, घराचं राहिलं.

गोचिडीचं कुत्र्यावर राहणं थोड्याच दिवसांचं असतं. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, एरंडाच्या बीएवढी राखाडी होते आणि आपणहून गळून पडते. मग भिंतीची फट, दाराची चौकट, पायरीची सांध असं काही शोधून तिथं 2-3 हजार अंडी घालते आणि मरते. आज रात्री बॅटरी घेऊन कुत्रं झोपतं त्याच्या वरची भिंत बघ. कुत्र्यावरची गोचीड वर चढणारी असते. पोपडे निघालेल्या गिलाव्यात, अगदी छताच्या कोपऱ्यातही सापडेल. म्हणून आधी गवंडी बोलव, फटी सिमेंटनं बुजवून घे आणि मग फवारणीचं बघ. आपल्याकडं बरेचजण हे उलटं करतात.

पिसवांचा प्रकार वेगळा. कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरव आणि निघालेली काळी रवाळ घाण ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटक. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. त्यांची अंडी केसांत टिकत नाहीत, गोणपाटावर, गोधडीवर, फरशीच्या सांधीत सांडतात. कोषातली पिसू कित्येक आठवडे गप्प बसते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बंद घर उघडलं की पायावर उड्या पडतात त्या याच. तेव्हा अंथरूण गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाक, कोपरे रोज झाड आणि केर बाहेर लांब टाक.

आता सासूबाईंच्या गोठ्याचं. आपलं जयसिंगपूर सरळ आखलेल्या गल्ल्यांचं शहर असलं, तरी आसपासच्या शिरोळ तालुक्यात दुभती जनावरं पाळणारी घरं पुष्कळ. संकरित गाईला देशीपेक्षा गोचिडांचा त्रास जास्त होतो; थायलेरिया, बबेसिया हे गोचीडताप तिला लोळवतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपल्या भागातली जनावरं मिळेल तिथं दाटीनं बांधावी लागली. अशा वेळी एकाची गोचीड दुसऱ्याच्या गोठ्यात जायला वेळ लागत नाही. बाजारातून नवी गाय आणलीस तरी आधी वेगळी बांध, कानामागं, कासेजवळ, शेपटीखाली चाचपून बघ. गव्हाणीच्या आणि भिंतीच्या भेगा बुजवून वर चुना मार. उकिरडा गोठ्याला लागून नको. कोंबड्या असतील तर मोकळ्या सोड, गोचिड्या टिपून खातात.

आणि हे मात्र हात जोडून सांगते. उसावर, भाजीवर मारून उरलेलं औषध जनावराच्या अंगावर ओतू नका. रॉकेलही नको, तंबाखूचं पाणीही नको. "आमच्यात असंच करतात" असं कुणी म्हणालं तरी नको. गोचिडासाठी इंजेक्शन दिलं तर दूध किती दिवस घालायचं नाही ते डॉक्टरांना विचारून घ्या. डेअरीत जाणारं दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिला लावू नकोस, जीव जाईल.

अंगाला चिकटलेली गोचीड नखानं चिरडू नकोस. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढ, साबणाच्या पाण्यात टाक, हात धू. सिंधुदुर्गातल्या माकडतापाच्या बातम्या वाचून तू घाबरलीस, पण तो जंगलातल्या गोचिडांचा आजार, आपल्या अंगणातल्यांचा नव्हे. तरीही गोचीड चावल्यावर ताप आला तर डॉक्टरांना चावल्याचं आवर्जून सांग.

आणखी एक. फवारणीतून अंडी सहसा वाचतात. दुसऱ्या फेरीची तारीख जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आजच कॅलेंडरवर लिही. ती चुकवलीस तर पहिल्या फवारणीचे पैसे पाण्यात.